अध्यापिकांची मोजणी : देशोदेशींची कोष्टके आणि शहादा

उच्चशिक्षणाच्या संस्थांतून किती स्त्रिया अध्यापन करतात, या प्रश्नाचे उत्तर देशवार टक्केवारीच्या कोष्टकात शोधण्याची पद्धत आता चांगलीच रूढ झाली आहे. कोष्टकाच्या एका बाजूस देशांची नावे असतात आणि दुसऱ्या बाजूस टक्के असतात. वाचकाची दृष्टी स्वाभाविकपणेच प्रथम स्वदेशाचे नाव शोधते आणि मग त्याच्या वर कोण व खाली कोण हे पाहते. यापलीकडे जाऊन त्या आकड्यांचा अर्थ विचारण्याचे श्रम क्वचितच घेतले जातात. युनेस्कोच्या उच्चशिक्षणविषयक संस्थेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०१८ साली जगातील उच्चशिक्षणाच्या अध्यापकवर्गात स्त्रियांचे प्रमाण ४३ टक्के होते. प्राथमिक शिक्षणात हेच प्रमाण ६६ टक्के व माध्यमिक शिक्षणात ५४ टक्के होते. भारतातील अखिल भारतीय उच्चशिक्षण सर्वेक्षणाच्या २०२१-२२ च्या अहवालात सुमारे १५ लाख ९८ हजार अध्यापकांची नोंद असून त्यांत स्त्रिया ४३.४ टक्के आहेत. म्हणजे भारत जगाच्या सरासरीवर उभा आहे, असे कोणी म्हटल्यास त्याचे म्हणणे खोटे ठरणार नाही.

तथापि खोटे नसलेले विधान अर्थपूर्ण असतेच असे नाही. प्राथमिक शाळेत तीन शिक्षकांपैकी दोन स्त्रिया आणि महाविद्यालयात पाचांपैकी दोनच किंवा किंचित अधिक, हा उतार जगभर सारखा का आहे, हे सरासरी सांगत नाही. भारताच्या ४३ टक्क्यांत केरळ, पंजाब, हरियाणा, गोवा यांसारखी राज्ये आहेत. २०१८-१९ च्या सर्वेक्षणानुसार तेथे अध्यापिकांची संख्या अध्यापकांहून अधिक होती. त्याच सर्वेक्षणातील बिहारमध्ये मात्र पाचांमागे जेमतेम एक स्त्री होती. ज्या सरासरीच्या पोटात एवढे अंतर सामावते, ती एका देशाची दुसऱ्या देशाशी तुलना करण्यास कितपत उपयोगी पडेल, याचा विचार अवश्य व्हावयास हवा. प्रस्तुत विवेचनाचा रोख मोजणीच्या विरुद्ध नाही. काय मोजले, कोणत्या पायरीवर मोजले आणि कोणाला मोजले, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून केलेली तुलना अभ्यासकाला फसविते, एवढेच येथे दाखवावयाचे आहे. हे तीनही प्रश्न शहाद्यासारख्या तालुक्याच्या गावी येऊन विचारले असता अधिक स्पष्ट होतात.

१

प्रथम 'काय मोजले' हा प्रश्न. 'उच्चशिक्षणातील अध्यापक' ही संज्ञा वरवर एकार्थी वाटते, पण प्रत्येक देशाची मोजणी आपापल्या शिक्षणव्यवस्थेच्या चौकटीत बसविलेली असते. जपानमधील विद्यापीठांच्या पूर्णवेळ अध्यापकवर्गात स्त्रिया एक चतुर्थांशाहून किंचित अधिक आहेत, परंतु तेथील दोन वर्षांच्या अल्पमुदतीच्या महाविद्यालयांतून त्या निम्म्याहून अधिक आहेत. ही महाविद्यालये हिशेबात धरली तर जपानचा आकडा वर सरकतो आणि वगळली तर खाली येतो. ब्रिटनच्या मोजणीत अध्यापनाबरोबर केवळ संशोधन करणारेही येतात. अमेरिकेत वर्गावर प्रत्यक्ष शिकविणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांची, म्हणजे अध्यापन-साहाय्यकांची, गणना अध्यापकवर्गात न होता वेगळी होते. भारताच्या सर्वेक्षणात विद्यापीठे व महाविद्यालये यांच्या जोडीला तंत्रनिकेतने, शिक्षक-प्रशिक्षण संस्था, परिचारिका-प्रशिक्षण संस्था अशा स्वतंत्र संस्थाही अंतर्भूत आहेत. परिचारिकांना शिकविणाऱ्या संस्थांतून अध्यापिकांचे प्रमाण स्वभावतःच मोठे असते. अशा संस्था वाढल्या की देशाची टक्केवारीही वाढते. पण त्या वाढीमुळे भौतिकशास्त्राच्या किंवा तत्त्वज्ञानाच्या विभागात एकही स्त्री अधिक आलेली नसते.

शब्दांचा हा घोटाळा दूरदेशीच आढळतो असे नाही. शहाद्यासारख्या गावी अकरावी-बारावीचे वर्ग चालविणारे कनिष्ठ महाविद्यालय आणि पदवीचे वरिष्ठ महाविद्यालय पुष्कळदा एकाच संस्थेची व एकाच आवारात असतात. दोन्हीकडे शिकविणाऱ्या बाईंना गावात लोक 'प्राध्यापिका'च म्हणतात आणि विद्यार्थी 'मॅडम' म्हणतात. सर्वेक्षणाच्या दृष्टीने मात्र पहिली उच्चशिक्षणाची अध्यापिका नव्हे, दुसरी आहे. याउलट जर्मनीत 'प्राध्यापक' ही पदवी विद्यापीठीय श्रेणीच्या अगदी वरच्या पायरीवरील मोजक्या व्यक्तींनाच लागते. तेव्हा मराठी माणूस 'आपल्या गावच्या महाविद्यालयात सहा प्राध्यापिका आहेत' असे म्हणतो आणि जर्मन सांख्यिकी खाते '२०२१ साली प्राध्यापकांत स्त्रिया २७ टक्के' असे म्हणते, तेव्हा दोघांच्या वाक्यात शब्द एक असला तरी वस्तू एक नसते. भाषांतराने सोपी झालेली तुलना अशा ठिकाणी संशयानेच पाहिली पाहिजे.

२

दुसरा प्रश्न पायरीचा. एकूण संख्येकडून वरिष्ठ पदांकडे वळताच देशांची क्रमवारी ढासळू लागते. ब्रिटनमध्ये २०२०-२१ साली एकूण विद्यापीठीय अध्यापकवर्गात स्त्रिया ४७ टक्के होत्या, पण प्राध्यापकपदावर त्या २८ टक्केच होत्या. युरोपीय संघाच्या सत्तावीस देशांत २०१८ साली सर्वोच्च श्रेणीवरील स्त्रियांचे प्रमाण सुमारे २६ टक्के होते, तर उमेदवारीच्या पहिल्या पायऱ्यांवर ते निम्म्याला टेकले होते. जर्मनीत २०२१ च्या अखेरीस प्राध्यापकांत स्त्रिया २७ टक्के होत्या. भारतात प्राध्यापक व तत्सम पदांवरील स्त्रियांचे प्रमाण अलीकडच्या सर्वेक्षणांत पाव ते तीस टक्के यांच्या दरम्यान राहिले आहे. निदर्शक व शिकवणी-साहाय्यक या सर्वांत खालच्या पायरीवर मात्र स्त्रियांचीच संख्या स्पष्टपणे अधिक आहे. म्हणजे पायथ्याशी देशोदेशीचे आकडे परस्परांहून बरेच भिन्न आहेत आणि शिखराकडे जाता जाता ते एकमेकांसारखे होत जातात. एकूण संख्येचे कोष्टक हे साम्य झाकून टाकते. वस्तुतः तुलनात्मक अभ्यासाच्या दृष्टीने ते साम्यच अधिक विचारार्ह आहे.

यातही एक भारतीय विशेष लक्षात घ्यावा लागतो. आपल्याकडील अध्यापकवर्गाचा फार मोठा भाग विद्यापीठीय विभागांत नसून संलग्न महाविद्यालयांत आहे, आणि या महाविद्यालयांतून प्राध्यापकाचे पद दीर्घ काळ जवळजवळ नव्हतेच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने त्यास मर्यादित वाट करून दिली व २०१८ च्या नियमावलीने ती रुंद केली. तत्पूर्वी तालुक्याच्या महाविद्यालयात तीस वर्षे शिकविलेली विदुषी अधिव्याख्याता म्हणून लागली आणि फार तर प्रपाठक म्हणून निवृत्त झाली. तिच्या शेजारच्या खोलीतील पुरुषाचेही तेच झाले. तेव्हा प्राध्यापकपदावरील स्त्रियांचे भारतीय प्रमाण हे मुख्यतः विद्यापीठाच्या मुख्यालयाच्या शहरांचे प्रमाण होते. शहाद्याच्या अध्यापिकेचा त्या आकड्याशी जवळजवळ संबंधच नव्हता.

मोठी टक्केवारी म्हणजे मोठी प्रतिष्ठा, हे समीकरणही तपासून पाहण्याजोगे आहे. रशियात उच्चशिक्षणाच्या अध्यापकवर्गात स्त्रिया निम्म्याहून अधिक आहेत. म्यानमारमध्ये त्यांचे प्रमाण २०१०च्या दशकात तीन-चतुर्थांशांहूनही अधिक नोंदले गेले. म्हणून तेथील विद्यापीठीय सत्ता स्त्रियांच्या हाती आहे असा निष्कर्ष कोणी काढणार नाही. एखाद्या व्यवसायाचे वेतन व मान उतरू लागला की पुरुष त्यातून निघतात आणि मोकळ्या झालेल्या जागा स्त्रियांना मिळतात, ही उपपत्ती समाजशास्त्रात अनेकांनी मांडली आहे. ती प्रत्येक देशास लागू पडेलच असे नाही. परंतु कोष्टकात वरचा क्रमांक मिळविलेल्या देशाचे अभिनंदन करण्यापूर्वी तिचा विचार करणे भाग आहे.

३

देशांची क्रमवारी स्थिर नसते आणि ती संस्थांच्या निर्णयांवर अवलंबून असते, याची साक्ष महाराष्ट्राच्या इतिहासातच विपुल आहे. नाशिक येथे १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर. पदवीनंतर १८८८ च्या सुमारास अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात त्यांनी इंग्रजीच्या अध्यापनाचे काम तात्पुरत्या नेमणुकीवर केले, आणि तेथे त्यांच्यासमोर बसलेले विद्यार्थी पुरुष होते. पुढे त्या ऑक्सफर्डला गेल्या व १८९२ साली कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्या, परंतु ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्यास आरंभ केला तो १९२० साली. म्हणजे मुंबई इलाख्यात पुरुषांना शिकवून आलेली स्त्री इंग्लंडमध्ये पदवीस अपात्र ठरली. पंडिता रमाबाई १८८४ पासून चेल्टनहॅमच्या मुलींच्या महाविद्यालयात संस्कृत शिकवीत होत्या. त्यांनी पुरुषांनाही शिकवावे अशी कल्पना निघताच चर्चमधील वरिष्ठांनी हरकत घेतली. त्या काळी असे कोष्टक कोणी तयार केले असते, तर त्यातील 'पुढारलेला' आणि 'मागासलेला' हे रकाने कसे भरले असते, याची कल्पना करून पाहण्यासारखी आहे.

१९३९ हे एकच वर्ष घेतले तरी हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. त्या वर्षी केंब्रिजने डोरोथी गॅरड यांची पुरातत्त्वाच्या अध्यासनावर निवड केली. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये प्राध्यापकपद मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. तथापि केंब्रिजने स्त्रियांना पदवीचे पूर्ण अधिकार दिले ते १९४८ साली, म्हणजे गॅरड प्राध्यापक झाल्या तरी नऊ वर्षे विद्यापीठाच्या पूर्ण सभासद नव्हत्या. त्याच वर्षी कमला सोहोनी यांनी केंब्रिजची जीवरसायनशास्त्रातील डॉक्टरेट मिळविली. केंब्रिजला जाण्याआधी, १९३३ साली, बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत केवळ स्त्री म्हणून त्यांचा प्रवेश नाकारला गेला होता व नंतर अटी घालून दिला गेला होता. पुढे त्या मुंबईच्या विज्ञानसंस्थेत प्राध्यापक व अखेर संचालक झाल्या, पण संचालकपद त्यांच्यापर्यंत विलंबानेच पोहोचले. आणि त्याच १९३९ साली इरावती कर्वे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापनासाठी रुजू झाल्या. ब्रह्मदेशात जन्मलेल्या, बर्लिनची डॉक्टरेट मिळविलेल्या आणि मुंबईत महिला विद्यापीठाच्या कुलसचिवाचे काम केलेल्या या विदुषीला कोणत्या देशाच्या रकान्यात घालावे, हा प्रश्नच आहे. तिघींचीही गुणवत्ता निर्विवाद होती. त्यांना वाट मिळाली किंवा अडविली गेली ती त्या त्या संस्थेच्या त्या त्या वेळच्या निर्णयाने. राष्ट्राची संस्कृती म्हणून जी गोष्ट सांगितली जाते, ती पुष्कळदा एखाद्या समितीच्या बैठकीत ठरलेली असते.

तुलना फलदायी कशी होते, याचेही उदाहरण महाराष्ट्रातच आहे. धोंडो केशव कर्वे यांच्या हाती १९१५ साली टोकियोतील महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका आली. १९०१ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेचा नमुना समोर ठेवून त्यांनी १९१६ साली हिंगण्यास भारतवर्षीय महिला विद्यापीठ काढले. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसी यांच्या पंधरा लाखांच्या देणगीनंतर त्यास नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. कर्व्यांनी जपानकडे पाहिले ते जपान वर की हिंदुस्थान वर हे ठरविण्यासाठी नव्हे. एका आशियाई देशाने स्वभाषेतून स्त्रियांना उच्चशिक्षण देण्याची व्यवस्था कशी केली, हे त्यांना पाहावयाचे होते. अर्थात त्यांच्या विद्यापीठातही प्रारंभी शिकविणारे वामन मल्हार जोशी यांच्यासारखे पुरुष अनेक होते. तेथूनच शिकून निघालेल्या कमलाबाई देशपांडे यांनी पुढे प्रागची डॉक्टरेट मिळवून पुण्यात महाविद्यालयाची धुरा घेतली. विद्यार्थिनीतून अध्यापिका घडविणारी संस्था उभी राहिली, म्हणजे एका पिढीत चित्र कसे पालटते, ते येथे दिसते.

आज त्याच जपानची स्थिती काय आहे? आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या देशांत उच्चशिक्षणातील अध्यापिकांचे सरासरी प्रमाण ४५ टक्क्यांच्या आसपास आहे आणि जपानचे त्यांत सर्वांत कमी, सुमारे ३० टक्के, आहे. ज्या देशाचा नमुना महाराष्ट्राने घेतला, तो देश कोष्टकाच्या तळाशी आहे आणि नमुना घेणारा जगाच्या सरासरीवर आहे. यात आत्मसंतोषाला मुळीच जागा नाही. यावरून निघणारा निष्कर्ष एवढाच की, स्त्रियांसाठी वेगळी विद्यापीठे काढल्याने सर्व विद्यापीठांची दारे आपोआप उघडत नाहीत, आणि एका काळी मिळविलेली आघाडी पुढच्या पिढीला वारशाने मिळत नाही.

४

आता तिसरा प्रश्न : कोणाला मोजले? येथे शहाद्याचा विचार करणे क्रमप्राप्त आहे. तापीच्या खोऱ्यात सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेला हा तालुका पूर्वी पश्चिम खानदेशात व धुळे जिल्ह्यात होता आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आहे. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या ६९ टक्क्यांच्या घरात असून साक्षरता सुमारे ६४ टक्के, म्हणजे महाराष्ट्रात सर्वांत कमी, होती. शहाद्यात सहकारी चळवळीतील नेते पी. के. अण्णा पाटील यांनी उभारलेल्या पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाची महाविद्यालये आहेत. त्यांमुळे पदवीसाठी धुळ्यास किंवा पुण्यास जाण्याची अट या भागातील मुलींपुरती पुष्कळ अंशी संपली. १९९० साली जळगावास स्वतंत्र विद्यापीठ झाल्यावर पदव्युत्तर शिक्षणही जवळ आले, आणि २०१८ साली त्या विद्यापीठास बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले.

याच शहाद्याला विद्येच्या जगात आणखी एक ओळख आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी येथील भिल्ल व इतर आदिवासी शेतमजूर आपल्या गेलेल्या जमिनींसाठी व मजुरीसाठी संघटित झाले. अंबरसिंग सुरतवंती यांचे नेतृत्व आणि १९७२ साली स्थापन झालेली श्रमिक संघटना यांभोवती ही चळवळ वाढली. आदिवासी स्त्रिया तीत आघाडीवर होत्या. दारूविरोधी लढ्यात गावोगावच्या भट्ट्या मोडण्यास त्याच पुढे झाल्या. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ १९६० च्या दशकात पुण्यास जर्मन भाषा शिकवीत होत्या. भारतीय विद्यार्थिनी व नोकरी करणाऱ्या स्त्रिया यांच्या कोंडीवर त्यांनी प्रबंध लिहिला, आणि १९७६ साली शहाद्याच्या चळवळीवर त्यांचा निबंध कृषक-अभ्यासाच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अमेरिकेतून येऊन सांगली जिल्ह्यातील कासेगावी स्थायिक झालेल्या व भारताचे नागरिकत्व स्वीकारलेल्या गेल ऑम्व्हेट यांनीही १९८० च्या आपल्या पुस्तकात महाराष्ट्रातील कष्टकरी स्त्रियांच्या लढ्यांची नोंद केली. मीस पुढे कोलोनच्या उच्चशिक्षण संस्थेत प्राध्यापक होत्या आणि हेग येथे त्यांनी स्त्रिया व विकास या विषयाचा अभ्यासक्रम सुरू केला. अशा रीतीने शहाद्याची स्त्री देशोदेशीच्या स्त्री-अभ्यासाच्या वाङ्मयात जाऊन पोहोचली.

परंतु ती पोहोचली ती अभ्यासाचा विषय म्हणून. या विदुषींनी केलेले काम मोलाचे आहे. त्यांच्या लेखनावाचून या लढ्याची स्मृती पुष्कळशी पुसली गेली असती. त्यांना दोष देण्याचे कारणच नाही. प्रश्न वेगळा आहे. जर्मनीच्या कोष्टकात प्राध्यापिका म्हणून मोजली गेलेली स्त्री ज्या स्त्रीविषयी लिहिते, ती स्त्री किंवा तिची मुलगी भारताच्या कोष्टकात अध्यापिका म्हणून कोठे मोजली जाते? राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतातील एकूण अध्यापकवर्गात अनुसूचित जमातींचा वाटा, स्त्रीपुरुष मिळून, अडीच टक्क्यांच्या जवळपास आहे, आणि लोकसंख्येतील त्यांचा वाटा २०११ साली ८.६ टक्के होता. ४३ टक्क्यांच्या आकड्यात हा अडीच टक्का दिसत नाही. देशांची तुलना करणाऱ्या कोष्टकात तर त्यासाठी रकानाच नसतो. ही उणीव भारतापुरती नाही. ब्रिटनमध्ये सर्व प्राध्यापकांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण एका टक्क्याच्याच घरात आहे, पण २८ टक्क्यांच्या समाधानकारक वाढीत ते कोणाच्या लक्षात येत नाही. शहाद्याच्या चळवळीतूनच पुढे आलेले भिलोरी भाषेचे कवी वाहरू सोनवणे यांनी 'स्टेज' या कवितेत व्यासपीठापासून दूर ठेवलेल्या आदिवासीचे गाऱ्हाणे मांडले आहे. उच्चशिक्षणाच्या मोजणीवरचा तो एक अचूक आक्षेप आहे, असे म्हणावयास हरकत नाही. तेथे प्रश्न दुःखाचा नाही, ते कोणी मांडावयाचे याचा आहे.

सातपुड्यातील एखाद्या पाड्यावरची पावरा मुलगी आश्रमशाळेत शिकते. घरी पावरी, शाळेत मराठी आणि पुढे इंग्रजी असे तीन भाषांचे उंबरठे ती ओलांडते. शहाद्यास पदवी घेते, जळगावास किंवा नाशिकला पदव्युत्तर शिक्षण घेते आणि राज्याची किंवा राष्ट्रीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण होते. या वाटेवरच्या गळतीचा हिशेब आजवर बराच झाला आहे. परंतु वाट संपल्यावर काय असते, याकडे लक्ष कमी गेले. महाराष्ट्रात अनुदानित महाविद्यालयांतील भरती अनेक वर्षे थांबलेली होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये शासनाने रिक्त जागांपैकी ४० टक्के, म्हणजे ३,५८० सहायक प्राध्यापकांची पदे भरण्यास मान्यता दिली. यावरूनच रिकाम्या राहिलेल्या जागा नऊ हजारांच्या आसपास होत्या हे उघड होते. ते वर्ग रिकामे नव्हते; तेथे तासिका तत्त्वावरील अध्यापक शिकवीत होते. तासिका तत्त्वाचा अर्थ जितके तास तितके मानधन असा आहे. परीक्षेच्या महिन्यांत व उन्हाळ्याच्या सुट्टीत तास नसतात, म्हणून मानधनही नसते आणि जूनमध्ये पुन्हा बोलावणे येईल याची शाश्वतीही नसते. बाळंतपण आले की तास सुटतात, आणि सुटलेले तास दुसऱ्याला मिळतात.

या व्यवस्थेची झळ पुरुषालाही लागते, हे खरे आहे. परंतु अनिश्चित उत्पन्नाच्या कामावर घरातील कोणी टिकावे आणि कोणी दुसरे काम शोधावे, याचा निर्णय घरात होतो, आणि तो स्त्रीच्या बाजूने क्वचितच होतो. 'तिला जवळच्या जवळ थोडे तास मिळतात, घरही सांभाळता येते' हे वाक्य तालुक्याच्या गावी सहज कानी पडते. ते कौतुकाने उच्चारले जाते. त्यात तिच्या संशोधनाचा, बढतीचा आणि निवृत्तिवेतनाचा विचार नसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमावलीने पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना दोन वर्षांची अधिक मुदत आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा दिली, ही गोष्ट स्वागतार्ह होती. परंतु प्रबंध पुरा झाल्यावर ज्या जागेवर त्या जाणार, ती जागाच तासांत मोजली जात असेल, तर ही सवलत अर्धीच राहते. सर्वेक्षणाच्या एकूण बेरजेत तात्पुरते व अभ्यागत अध्यापकही येतात. म्हणजे अशी अध्यापिका ४३ टक्क्यांत मोजली जाईल आणि जूनमध्ये बोलावणे आले नाही तर निमूटपणे वजाही होईल.

५

या सर्व विवेचनावर एक आक्षेप येणे स्वाभाविक आहे. तुलना इतकी दोषास्पद असेल, तर ती करूच नये काय? हे मत स्वीकारता येणार नाही. भारत सरकारने १९७१ साली नेमलेल्या समितीचा स्त्रियांच्या दर्जाविषयीचा अहवाल १९७४ च्या अखेरीस पुरा झाला आणि स्वातंत्र्यानंतर सर्व काही सुधारत आहे हा समज त्याने आकड्यांनीच मोडला. त्याच वर्षी नीरा देसाई यांच्या पुढाकाराने महिला विद्यापीठात स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र निघाले. मोजणीनेच प्रश्न दृष्टीस पडला. २०१४-१५ साली भारतात शंभर अध्यापकांमागे ६३ अध्यापिका होत्या व २०२१-२२ साली ७७ झाल्या. ही वाढ खरी आहे व ती मोजल्यामुळेच कळते. तुलना टाकून देणे म्हणजे उणीव झाकण्याची सोय करून देणे होय.

तेव्हा तुलना करावी, परंतु कर्व्यांनी जपानशी केली त्या रीतीने करावी. 'किती' या प्रश्नापाशी न थांबता 'कशी' हा प्रश्न विचारावा. एकूण टक्केवारीच्या रकान्यापुढे निदान तीन रकाने अधिक असावेत : कायम पदावर किती, सर्वोच्च श्रेणीवर किती, आणि ज्या समाजांना विद्येपासून दीर्घकाळ दूर ठेवले गेले त्या समाजांतील स्त्रिया किती. हे तीन रकाने भरले, तर आज वर दिसणारे अनेक देश खाली येतील आणि काही खालचे देश तितके खाली राहणार नाहीत. महत्त्वाची गोष्ट ही की, मग आकड्यांवरून उपाय सुचू लागतील. आजच्या कोष्टकावरून तसा उपाय सुचत नाही, फक्त क्रमांक कळतो.

हे काम दिल्लीतील किंवा पॅरिसमधील कार्यालयांनी करावे म्हणून थांबण्याचे कारण नाही. एका तालुक्यातील वरिष्ठ महाविद्यालये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. गेल्या पन्नास वर्षांची हजेरीपत्रके, नेमणुकीची पत्रे व वार्षिक अहवाल संस्थांच्या दप्तरी असतात. निवृत्त अध्यापिका त्याच गावात राहतात व विचारल्यास बोलतात. कोणत्या वर्षी पहिली स्त्री कायम पदावर लागली, तिने कोणता विषय शिकविला, तिच्यानंतर किती आल्या, त्यांतील किती तासिकेवरच राहिल्या, आदिवासी स्त्री प्रथम केव्हा वर्गावर गेली आणि ती टिकली काय, हे सारे एका पदव्युत्तर विद्यार्थ्याला एका वर्षात जमविता येण्याजोगे आहे. शहादा, नंदुरबार, नवापूर, तळोदा, अक्कलकुवा आणि धडगाव येथील अशी सहा टिपणे एकत्र आली, तर जिल्ह्याचे असे कोष्टक प्रथमच तयार होईल. त्यात शहाद्याच्या स्त्रीसाठी असा एक रकाना असेल की जेथे ती केवळ अभ्यासाचा विषय म्हणून नव्हे, तर अध्यापिका म्हणून नोंदली जाईल. तो रकाना रिकामा निघाला, तरी ती रिकामी जागा नोंदविणे आवश्यक आहे, कारण जगाच्या ४३ टक्क्यांत ती आजवर कोणास दिसलेली नाही.